भिंतीतलं दार

मुन्सिफदादा,

कोठीच्या भिंतीला ओल आली म्हणून गवंडी बोलावला. त्यानं गिलावा आणि त्यामागच्या विटा काढल्या, तर बुजवलेलं निळं दार निघालं, थेट शाधलियामावशीच्या घरात उघडणारं. बाबा जन्मभर त्या शेजारणीला चोरटी म्हणायचे. मग चोराच्या घरात आपलं दार कशाला?

मी मावशीलाच कोठीत आणून विचारलं. "मेलेल्या बापाला विचारायचं होतंस!" ती फणकारली. मग दारावरून हात फिरवत म्हणाली, "याच दारानं मी नवरी होऊन तुमच्याकडे आले. तलाक देऊन त्यानं याच दारानं परत धाडलं. तान्हं पोर तेवढं ठेवून घेतलं."

तेव्हा आई या घरात आलीही नव्हती, दादा. ते पोर तूच.

मार्सेलहून फोन केलास की तू आधी विचारतोस, "शेजारची म्हातारी बरी आहे ना?" ईदला तिला शाल पाठवतोस आणि वर बजावतोस, "आईला सांगू नकोस." मी त्याला तुझा चांगुलपणा समजत आले. तुला कधीपासून माहीत आहे?

आईला कळू नये म्हणून मी कोठीला कुलूप लावलं. आज कुसकुस ढवळता ढवळता तीच म्हणाली, "गवंड्याला सांग, विटा परत लावू नकोस. मुन्सिफ आला की त्याला गल्लीला वळसा घालून चोरून तिच्याकडे जावं लागतं."

म्हणजे न कळलेली मी एकटीच! हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तू आलास की तुझ्या तोंडाकडे बघूनच विचारीन.

तुझी, अजून तरी सख्खीच,
वसीला