राजदूत खोलली तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

ताडपत्री काढली. आधी दोन पाली निघाल्या, मग गाडी. बाबांची राजदूत, त्र्याऐंशी सालची. अठरा वर्षं गोठ्याच्या कोपऱ्यात उभी आहे. हँडल अजून डावीकडे वाकलेलं — पडली तेव्हाचं.

हे माझ्या हौसेनं चाललेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. मी जन्मभर गणित शिकवलं, पाना कधी हातात धरला नाही. पण परवा दसऱ्याला मायनं गाडीला हळदकुंकू लावलं आणि तिथेच भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. दवाखान्यातून आल्यापासून तिचं एकच — "माह्या डोळ्यादेखत गाडी चालू कर भागवत, अन् दीपकले नेऊन दे. त्याले घरी आण."

दीपकला! ज्या धाकट्या भावाचं नाव मी या घरात अठरा वर्षं काढू दिलं नाही, त्याला! पण ऐंशी वर्षांच्या बाईला नाही कसं म्हणू?

सुचिता म्हणाली, "रिटायर झाल्यापासून घरात सगळ्यांच्या चुका काढत बसता. त्यापेक्षा गाडीच्या काढा." बायको आहे, बोलणारच.

१५ ऑक्टोबर

किक खाली जातच नाही. दोन्ही पायांनी उभा राहिलो तिच्यावर. ढिम्म!

१७ ऑक्टोबर

कारण सापडलं! माय दर दसऱ्याला गाडीपुढे नारळ फोडते हे माहीत होतं. पण ते पाणी ती इंजिनावर ओतते, आणि टाकीचं झाकण काढून एक पळी आतही सोडते, हे आज कळलं. अठरा दसरे! टाकीत बॅटरी मारून पाहिलं. आत सगळा तांबडा गंज.

ओरडलो मी. "माय, तूच जाम केलं इंजिन! लोखंडाले पाणी पाजते का कोनी?" ती खाटेवरून म्हणाली, "इतक्या वर्साची उपाशी उभी हाय रे. तहान लागत असन, म्हनलं." तरी मी बोलतच राहिलो. शेवटी सुचितानं मला हाताला धरून बाहेर काढलं.

आवाज चढायला नको होता. पण मुद्दा माझाच बरोबर होता.

२१ ऑक्टोबर

शेषराव मिस्त्रींकडे गेलो. स्टँडसमोर त्यांचं गॅरेज होतं तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. हात थरथरतात, पाना धरवत नाही. डोकं मात्र खणखणीत. म्हणाले, "मी तोंडानं सांगतो गुरुजी, तुमी हातानं करा. प्लग काढा, त्या भोकातून डिझल सोडा, अन् आठ दिवस तिच्याकडे पाहूच नका. जे काढसान ते डब्यात, अन् डब्यावर नाव."

डब्यावर नाव — हे मला पटलं. सुचिताचे चार डबे पळवले.

२ नोव्हेंबर

दिवाळी. मायनं दीपकच्या नावाचा लाडू वेगळा काढून ठेवला. दरवर्षी काढते. दरवर्षी मुंग्या खातात.

५ नोव्हेंबर

आज बाबांना जाऊन अठरा वर्षं.

लिहूनच टाकतो एकदा. दिवाळीच्या सुट्टीत मी इथे गावी, धाडला, आलो होतो. बाबांना बुलढाण्याला डोळे दाखवायचे होते. दीपक गाडी चालवत होता, बाबा मागे. अर्ध्या रस्त्यात गाडी पडली. बाबांचं डोकं दगडावर आपटलं. दीपकचा नुसता खांदा निखळला. दवाखान्यात तो सारखा म्हणत होता, "मांगलं चाक एकदम बंद झालं भाऊ, मी काईच नाई केलं." रिकाम्या, सरळ रस्त्यावर चाक आपोआप कसं बंद होईल? पोरगा गाडी उडवायचाच, सगळ्या गावाला माहीत होतं.

घरी आल्यावर मात्र तो चूप झाला. एक शब्द बोलला नाही. मी त्याचा अर्थ काढला, जो कोणीही काढला असता. तिरडी बांधून तयार होती, सगळे सोयरेधायरे अंगणात, आणि मी म्हणालो, "बाबाले तू मारलं. आता खांदा देऊ नको." तो बाजूला झाला. तेरवी झाली आणि बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला, सुलतानपूरला. तिकडेच शेती करतो.

मी चुकलो असं मला कधी वाटलं नाही. आजही वाटत नाही.

१० नोव्हेंबर

इंजिनाचं हेड उघडलं! मी उघडलं! चार नट. तीन तासाभरात आले, चौथ्यानं अख्खा दिवस घेतला. आत पिस्टन अर्ध्यावरच अडकलेला. हात कोपरापर्यंत काळे. मायला दाखवले, तर म्हणाली, "तुह्या बापाचे असेच असायचे." का कोण जाणे, बराच वेळ हात धुतले नाहीत.

१६ नोव्हेंबर

लाकडी हातोड्यानं ठोकून ठोकून पिस्टन बाहेर काढला. टॉवेलात गुंडाळून शेषरावांकडे नेला. म्हटलं, हे बघा, नारळपाण्याचा प्रताप.

त्यांनी तो उजेडाकडे धरला. नख फिरवलं. वरून खाली उभ्या चिरा होत्या, रिंगा धातूतच रुतून बसल्या होत्या. म्हणाले, "हे गंजाचं काम नोहे गुरुजी. गंज उभ्या गाडीले लागते. हे चालत्या गाडीत झालं. इंजिन तापलं अन् धरलं, पिस्टन आतच चिकटला."

कशानं, विचारलं.

"पेट्रोलमदी आइल नसन टाकलं कोनी. या गाडीले ते पेट्रोलातच मिसळा लागते. नाई मिसळलं, तं दहा-बारा किलोमीटर जाते, अन् मंग चालता चालता मांगलं चाक जागच्या जागी बंद. चालवनारा काय करन? काईच नाई करू शकत."

चहा आला होता. तो तसाच ठेवून उठलो.

१७ नोव्हेंबर

त्या दिवशी टाकी मी भरली होती.

१९ नोव्हेंबर

दोन दिवस जेवण गेलं नाही. सुचिता विचारते, काय झालं? पोट बिघडलं म्हणालो.

सगळं आठवतंय. इतकी वर्षं का आठवलं नाही? दीपक आंघोळीला गेला होता. बाबा घाई करत होते. मी ओसरीतला पेट्रोलचा कॅन उचलला आणि टाकीत रिकामा केला. माझ्या स्वतःच्या गाडीत नुसतं पेट्रोल लागायचं, आइल वेगळं, खाली. प्रत्येक गाडी तशीच असते, असंच मी धरून चाललो. दीपक केस पुसत आला. "टाकी भरली ना भाऊ?" मी म्हणालो, "भरली." त्यानं विश्वास ठेवला. मोठा भाऊ, त्यात मास्तर!

चाक खरंच आपोआप बंद झालं होतं.

२१ नोव्हेंबर

कॅनमध्ये दीपकनं आइल आधीच मिसळून ठेवलं असेल तर? मिसळलं असेलही! पण मग पिस्टनला चिरा कशा पडल्या?

पोरांना शिकवायचो — उत्तर चुकलं तर गणिताला दोष देऊ नका, आपली पायरी तपासा.

२२ नोव्हेंबर

मायच्या पायाशी बसलो. म्हणालो, इंजिन तुझ्या पाण्यानं नाही बिघडलं, उगाच बोललो तुला. ती म्हणाली, "मले कुठं राग आला?" पुढचं सांगायला तोंड उघडलं, आणि तिचा श्वास बघून मिटलं. तिच्यासाठी मिटलं की स्वतःसाठी, ते मलाच माहीत नाही.

३० नोव्हेंबर

सिलिंडर चिखलीहून बोअर करून, आतून घासून आणला. नवा पिस्टन मिळाला, टाकी धुऊन आतून स्वच्छ केली. शेषराव स्टुलावर बसून सांगतात, मी करतो. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी आता बोलत नाई पयल्यासारके." मी पुढचा नट आवळला.

खरं तर सुलतानपूरला जायला गाडी तयार व्हायची गरज नाही. एसटीनं कधीही जाता येतं. मी नटबोल्टांच्या आड लपून बसलोय. भित्रा आहे मी. दुसऱ्याला दोषी ठरवायला कधी भ्यालो नाही, स्वतःची पाळी आली तर पाय उचलवत नाहीत.

६ डिसेंबर

आइलचं माप तीनदा मोजलं. कॅन हलवला. पुन्हा हलवला. मग टाकीत ओतलं.

सातव्या किकला सुरू झाली. गोठा धुरानं भरला. मायला खाटेसकट दारात आणलं होतं. तिनं डोळे मिटून आवाज ऐकला आणि हात जोडले. सुचिता रडली. मी गाडी लगेच बंद केली, मला तो आवाज सहन होईना.

माय म्हणाली, "आता जाय. दीपकले आन."

८ डिसेंबर

सुलतानपूरला जाऊन आलो. दीपक वावरात कांदा लावत होता. केस पार पांढरे झालेत त्याचे. बांधावर उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं — आइल मी टाकलं नव्हतं, बाबा माझ्यामुळे गेले. त्यानं हातातलं रोप लावलं, मग उठला.

"माहीत हाय भाऊ. दवाखान्यातून घरी आलो तवाच पाह्यलं. आइलचा डबा नवा आनेल होता, त्याचं सील बी तुटेल नव्हतं. कोनी पाहाच्या आत मीच तो इहिरीत टाकला."

मग तिरडीपाशी मी तसं बोललो तेव्हा गप्प काऊन राह्यला, विचारलं.

"तुमच्यानं सहन झालं नसतं. माह्यानं झालं."