मागून जेवणारा दाढीवाला

नवीन जालना, स्टेशनामागे,
दसऱ्यानंतरचा सोमवार

ती. स्व. वंदनावन्सं यांना गिरिजाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते. उठताना खाटेचा आधार घ्यावा लागला, तेव्हा नमस्कार पदरात घ्यावा.) आपले गुडघे कसे आहेत? सोमेश्वरनं आणलेलं तेल चोळता, की पोरानं हौसेनं आणलंय म्हणून बाटली देवघरात ठेवून दिलीत? परतूरच्या बाजारात कापूस यायला लागला असेल, म्हणजे तुमच्या दारासमोर आता ट्रॅक्टर आणि धूळ. इकडे सर्व क्षेम आहे. माझी तब्येत ठणठणीत, दोन्ही वेळ पोटभर जेवते. काळजी नसावी.

पत्र लिहायचं कारण असं की तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं. सोमेश्वर फोन मोठ्या आवाजावर टाकून ओट्यावर ठेवतो, आणि मी इथून कुजबुजलेलं तुमच्या शेजारणीला तुमच्या आधी कळतं. मागे माझ्या मूळव्याधीची चौकशी तुमच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं केली होती, ते मी विसरलेले नाही. आताची गोष्ट त्याहून नाजूक आहे, म्हणून ही शाई.

तुमच्या बंधूंच्या वर्षश्राद्धाला मोनाली आली होती, ती पुण्याला परत जाताना तिचा जुना लॅपटॉप इथेच ठेवून गेली. मला वाटलं, आईला भजनं ऐकायला ठेवला असेल. तर त्यात एक गेम घालून ठेवलेला. तिचं म्हणणं असं, की फोनवर आपण दोघी ‘पाऊस आहे का’पर्यंत येतो आणि मग दोघीही गप्प बसतो, त्यापेक्षा काहीतरी काम करता करता बोलू. मी म्हटलं, मग शेंगा फोडू, तू तिकडे फोड, मी इकडे फोडते. तर म्हणाली, न्हाई आई, जंगलात राहू.

ते जंगल बर्फाचं आहे. तिथे सगळ्यांनी मिळून जगायचं. लाकडं तोडायची, झोपडी बांधायची, शिकार करून शिजवायचं. अंधार पडला की अस्वलाएवढं एक जनावर येतं, त्याला तोंडाच्या जागी नुसते दात आहेत, त्याच्याशी लढायचं. जिंकणं असं काही नाही. मेला नाहीत म्हणजे पुरे. (एवढ्यासाठी लॅपटॉप कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.) खेळायला आम्ही तिघी. मोनाली पुण्याहून, मी इथून आणि गावातल्याच मस्तगडहून अफ्रीन. अफ्रीन म्हणजे मोनालीची शाळेपासूनची मैत्रीण. ईदला आपल्याकडे शिरखुर्म्याचा डबा घेऊन येते, आणि तुम्ही जिला ‘ही पोरगी फार हसते’ म्हणाला होतात, तीच.

पहिली चूक पहिल्याच मिनिटाला झाली. आपण कोण व्हायचं ते सुरुवातीला निवडायचं असतं. मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात बोट कुठेतरी पडलं आणि मी झाले एक दाढीवाला, उघडाबंब, म्हशीच्या मानेचा माणूस. डोक्यावर त्याच्या पाटीसारखं नाव, गिरिजाबाई. आता ते बदलता येत नाही म्हणे. बर्फात उघडा उभा असलेला बघून मला त्याची इतकी दया आली की पहिले काही दिवस मी बाकी सगळं सोडून त्याला अंगरखा मिळतो का तेच शोधत होते.

पुढच्या चुका काय सांगू! कुऱ्हाड चालवताना मागे कोण उभं आहे ते बघायचं असतं, हे मला अफ्रीन मेल्यावर कळलं. (ती पुन्हा उठते. उठून हसते.) दिवेलागणीला मी सवयीनं झोपडीच्या दारात मशाल लावली. तर ते दातांचं जनावर उजेड बघूनच येतं. लक्ष्मी यायच्या वेळेला कोण आलं ते बघा. शिवाय दिसेल तो दगड, काटकी, कातडं मी पिशवीत भरायची, लागेल कधीतरी म्हणून. शेवटी ओझं इतकं झालं की लांडगा मागे लागला तेव्हा दाढीवाला लग्नातून परतणाऱ्या विहिणीसारखा डुलत डुलत निघाला आणि लांडग्यानं त्याला सावकाश खाल्लं. मोनाली ओरडत होती, ‘‘आई, टाक ना ते दगड! काय करून राह्यलीस?’’ पण हातानं गोळा केलेलं टाकवत नाही, वन्सं. तुमच्या बंधूंच्या चपला अजून दारात आहेत.

असो. ह्या सगळ्या चुका पोरींनी पोटात घातल्या. जी घातली नाही ती आता सांगते. (तुमच्या गळ्यात माळ आहे, तेव्हा पुढच्या ओळी डोळे मिटून वाचाव्यात.) पडद्याच्या कोपऱ्यात दोन रेघा असतात. लाल रेघ जिवाची, पिवळी पोटाची. शिजवायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. अफ्रीन रानडुक्कर मारायची, मी ते भाजायची, आणि भाजलेले तुकडे मोनालीपुढे नि अफ्रीनपुढे ठेवायची. मग बाजूला उभी राहायची. कुणाला आणखी हवंय का बघायची. पोरी भुकेल्या, दिसेल तेवढं खायच्या. आणि थोड्या वेळानं दाढीवाला आडवा पडायचा. एकदा पडला, मोनाली म्हणाली गेम बिघडला. पुन्हा पडला, म्हणाली इंटरनेट गेलं. मग अफ्रीनच्या लक्षात आलं. ‘‘मोना, काकू खातच न्हाईत गं. आपलं झाल्यावर खाऊ म्हणून उभ्या राह्यतात!’’ आणि मला म्हणाली, ‘‘काकू, पहले तुमी खा, मंग आमाला द्या. बिलकुल शरम करू नका.’’

शरम नव्हती हो, सुचलंच नव्हतं. मी ह्या घरात आले तेव्हापासून आधी सासरे, मग तुमचे बंधू, मग मोनाली, तुम्ही आलात की सगळ्यांच्या आधी तुम्ही (आणि तुम्ही भाजीला नावं ठेवून दुसऱ्यांदा मागायचात), आणि शेवटी पातेल्यात जे उरेल त्याच्यापाशी मी. पगारी मास्तरीण होते, शाळेत पोरांना समानता शिकवायची, आणि घरी येऊन मागून जेवायची. त्यात मला कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. आपली पाळी कधी येणार ते ठाऊक असायचं.

तर गेल्या आठवड्यात थंडीची मोठी लाट आली. म्हणजे गेममध्ये. त्या लाटेत ते जनावर एकटं येत नाही, कळपानं येतं. पोरींनी कितीतरी दिवस खपून लाकडी कोट बांधला होता. अफ्रीन दवाखान्यातली ड्यूटी करून दमून यायची आणि खांब रोवायची. दरवाजा धरायचं काम दाढीवाल्याकडे, कारण ताकद त्याची जास्त. मी त्या दिवशी ठरवून तीन तुकडे वेगळे काढले होते, माझ्यासाठी म्हणून. तेवढ्यात मोनाली म्हणाली, आई, माझी पिवळी रेघ संपत आली. मी दोन तिला दिले. अफ्रीन काही बोलली नाही, पण पोरगी दमलेली, तिला तिसरा दिला. कळप दाराशी आला आणि दाढीवाला, एवढी म्हशीची मान असून, भुकेनं दरवाजातच कोसळला. पुढचं सांगत नाही. कोट गेला, झोपडी गेली, पोरी गेल्या. अफ्रीनसुद्धा हसली नाही.

मग मोनालीनं विचारलं, ‘‘आई, तू आज जेवलीस का? गेममध्ये न्हाई. खरं.’’

वन्सं, मी पटकन ‘हो’ म्हणायला हवं होतं. जन्मभर ह्या प्रश्नाला ‘हो’ म्हणत आले. त्या दिवशी जरा उशीर झाला. तेवढ्यावरून त्या पोरीनं सगळं ओळखलं. दिवाळीला येते, म्हणाली, घराला कुलूप लावू आणि तू पुण्याला चल. तिचं घर अकराव्या मजल्यावर आहे, तिथे सकाळी दार उघडलं तर समोर दुसरं बंद दार असतं. मला इथून जायचं नाही. इथे पहाटेच्या गाडीचा भोंगा ओळखीचा आहे, समोरची बाई भांडते तीही ओळखीची आहे. पोरगी मायेपोटी बोलते हे कळतं, म्हणून तिच्याशी भांडताही येत नाही.

परवापासून पुन्हा पहिल्यापासून डाव मांडलाय. अफ्रीननं नियम घातलाय, काकूंनी खाल्ल्याशिवाय कुणी तुकड्याला हात लावायचा नाही. दोघी समोर उभ्या राहतात आणि दाढीवाला झाडाकडे तोंड करून खातो. तगलोय अजून. तेव्हा गेममधून मी धडा घेतला असं म्हणायला हरकत नाही.

बाकी विशेष नाही. गुडघ्यांना जपावं, सोमेश्वरला आशीर्वाद, आणि वहिनीवर जसा राग धरता तसा लोभही धरून असावा.

आपली,
गिरिजा

ता. क. : मोनालीचा तुम्हाला फोन येईल. तिला ठणकावून सांगा, की तुझी आई बराबर जेवते, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं ती ऐकते. म्हणजे दिवाळीला कुलूप आणणार नाही.

दुसरा ता. क. : तुम्ही माळकरी, खोटं बोलणार नाही, हे वरचं लिहून झाल्यावर आठवलं. तेव्हा परतूरहून सकाळच्या गाडीत बसा आणि इकडेच या, दिवाळी होईपर्यंत राहायच्या हिशोबानं. डोळ्यांनी पाहा, मग सांगा.

तिसरा ता. क. : आल्यावर मी सवयीनं तुम्हाला पाट मांडून वाढीन आणि बाजूला उभी राहीन. तुम्ही घासाला हात लावू नका. भाकरी गार झाली तरी चालेल, भाजीला नावं ठेवलीत तरी चालेल, पण मी समोर बसेपर्यंत खाऊ नका. मी सगळ्यांच्या मागून जेवायची, वन्सं. आता पुढे कुणी जेवत नाही, म्हणून माझी पाळीच येत नाही. आज पत्र लिहून झाल्यावर दोन भाकरी थापू म्हणून पीठ काढलं होतं, ते आत्ताच परत डब्यात टाकलं. लवकर या.