तीनशे सातवं अंडं

१ जून, रविवार

नऊ वर्षं या घराची आठवण झाली नाही, आणि आता दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला फोन. आजचा सहावा. कोबेची विहीणबाई. "सनाए आहे का?" — आवाज असा, की जणू कालच जेवून गेली आमच्याकडे.

"मळ्यात आहे," मी म्हटलं.

माझी सून मळ्यात नव्हती. मागच्या पडवीत उमेची आंबट फळं झेलायची जाळी शिवत बसली होती.

पोरगी शेतकऱ्याच्या घरात पडली म्हणून ही बाई लग्नाला आली नाही. माझा मुलगा योशिहिसा गेला त्याला तीन वर्षं झाली, तेव्हाही आली नाही. सनाएने रागाने मोबाईलचा नंबर बदलला, म्हणून आता आमच्या खारवलेल्या उमेच्या डब्यावरचा नंबर वाचून फोन करते. काय हवंय ते पहिल्याच वेळी सांगितलं — "आमच्या खालच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. नागीलाही शाळा जवळ पडेल. एवढा निरोप द्या."

दिला नाही. देणारही नाही.

३ जून

डॉक्टर म्हणतो, रोज चार ओळी लिहा. हिवाळ्यात माझा डावा पाय आणि डावा हात आळसावले, त्याच्यावर हा इलाज. लिहिते मी उजव्या हाताने, मग डाव्याला काय फायदा, ते त्यालाच ठाऊक. शाळेत मी नावापुरती गेले. कठीण अक्षरं येत नाहीत, सोप्यांतच भागवते.

उमे पडायला लागली. जाळ्यात आज पहिल्या दोन टोपल्या.

५ जून

दुपारी जेवण झालं की सनाए तासभर तो हातातला खेळ घेऊन बसते. राक्षसांच्या झुंजी. बाई छत्तीस वर्षांची. आज विचारलं, "नागीचा खेळ तू का खेळतेस?"

नागी म्हणजे माझी नात, आठ वर्षांची. तीच मध्ये बोलली, "माझा नाही आजी, आईचाच आहे. मला हातही लावू देत नाही."

सनाए हसली. म्हणाली, "आई, जुलैत मोठी स्पर्धा आहे. घरूनच खेळायची. पहिले चौसष्ट योकोहामाला अंतिम फेरीला जातात."

"आणि तू जाणार?"

"जायचंय."

असं सरळ 'जायचंय' या घरात तीन वर्षांत कोणी कशाला म्हटलं नव्हतं.

८ जून, रविवार

फोन. सांगितलं, आंघोळ करतेय.

१० जून

पाऊस. झाडाखाली जाता येत नाही, म्हणून खेळ बघत बसले. समजून घेतला तो असा —

प्रत्येकाकडे सहा राक्षस. झुंजीआधी दोघांनी आपापले सहाही उघडे मांडायचे, समोरच्याला दिसतील असे. मग त्यांतले चार उतरवायचे.

"सगळं उघडं, तर लपवायचं काय?" मी विचारलं.

"कोणते चार, एवढंच," सनाए म्हणाली. "बाकी लपवून फायदा नाही आई. सगळ्यांना सगळं माहीत असतं. तरी जो जिंकतो तो जिंकतो."

दर फेरीत जो चपळ त्याचा घाव आधी. म्हणून सगळं जग चपळ राक्षस शोधतं. आमची बाई मंद शोधते! तिला हवी दगडी बेडकी — तीही जगातली सगळ्यांत मंद. वेगाच्या जागी शून्य हवं. एकसुद्धा चालत नाही. त्यासाठी अंडी उबवतेय, दर पिल्लाचा वेग वेगळा निघतो. आज एकशे बारा झाली.

मी म्हटलं, "मंद बेडकी तर मीच आहे, घे की मला."

तिने मान वर केली नाही. "तुमचा वेग शून्य नाहीये आई. काल कुत्र्यामागे काठी घेऊन गेलात ते मी पाहिलंय."

१४ जून

शून्यवाली मिळाली. एकशे एक्केचाळिसावं अंडं. सनाए उठून उभी राहिली, दोन्ही हात वर करून. मग कोणी पाहिलं का म्हणून आजूबाजूला बघितलं. मी पाहिलं. मी उमेकडे बघत असल्यासारखं केलं.

१५ जून, रविवार

फोन. सांगितलं, बाजारात गेलीय. विहीणबाई म्हणाली, "दर वेळी कशी हो बाहेर असते?" मी म्हटलं, "कष्टाचं घर आहे हे, इथे कोणी घरात बसत नाही." तिने फोन ठेवला. मला बरं वाटलं. मग संध्याकाळभर बरं वाटेना.

१७ जून

घात झाला माझ्या हातून. लिहून टाकते.

सनाए पेट्या उचलत होती, मी बसून होते. खेळ माझ्या हातात देऊन म्हणाली, "आई, एवढं करा. यातली नको असलेली पिल्लं सोडून द्या. एकेका खणात तीस-तीस आहेत, जागा भरलीय." कसं ते दाखवलं आणि गेली. शब्द वाचता येईनात, पण प्रत्येकासमोर पट्टी होती, कोणाची लांब, कोणाची आखूड. मी पन्नास वर्षं उमे निवडतेय. भरलेलं ठेवायचं, खुरटं फेकायचं — हाताला दुसरं काही माहीतच नाही. लांब पट्टीवाली ठेवली, बाकी सोडली. एकाला तर पट्टीच नव्हती. ते सगळ्यांत आधी सोडलं.

तीच ती. एकशे एक्केचाळिसावी.

सनाएने पडदा पाहिला. वर पाहिलं, खाली पाहिलं. मी म्हटलं, "ओरड की." तिने खेळ बंद केला, दोन पेट्या आत नेऊन ठेवल्या, हात धुतले, परत आली, बसली. आणि पुन्हा अंडी उबवायला लागली. एकशे बेचाळीस.

मी सासू असते तर — म्हणजे, मी तिच्या जागी असते आणि माझ्या सासूने असं केलं असतं, तर महिनाभर तिच्या ताटात करपलेला भात पडला असता.

२२ जून, रविवार

फोन. सांगितलं, झोपलीय. दिवसाढवळ्या साडेपाचला. मलाच लाज वाटली.

२३ जून

आता मीही अंडी उबवते. खेळातल्या माणसाला गोल-गोल चालवत ठेवायचं, चाललं की अंडी फुटतात. उजव्या हाताचा अंगठा पुरतो. सनाए आणि नागी जाळ्यांतली उमे गोळा करतात, मी पडवीत बसून चालते. या हिवाळ्यापासून इतकी चालले नव्हते.

सोडायचं काम मात्र मला देत नाहीत.

२६ जून

तीनशे सातवं. शून्य.

मी हाका मारल्या. सनाए हातात टोपली घेऊन धावत आली, पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि मला म्हणाली, "आता हात काढा आई. हळूच." जसं काही मी अंगावर विंचू घेऊन बसलेय.

बेडकीला नाव द्यायचं असतं. तिने टिचक्या मारून लिहिलं आणि मला दाखवलं. सोपी अक्षरं होती, वाचली. सुएनो.

माझं नाव, सत्त्याहत्तर वर्षांत कोणी कशाला दिलं नव्हतं.

"दगडी, फुगलेली, तोंडात विष. बरोबर आहे," मी म्हटलं.

"मी काही बोलले का?" सनाए म्हणाली.

२९ जून, रविवार

फोन. उचलला आणि ठेवून दिला.

२ जुलै

सनाएची वही पाहिली. आकडे, आकडे, आकडे. सुएनोला समोरचा सगळ्यांत मोठा घाव बसला तर ती मरता कामा नये. पण एक केसभर जीव उरला की पुरे. जास्त उरला तर तो वाया गेला — तेवढं बळ मग दुसरीकडे घालायचं, चिवटपणा कमी करून विषात. एकेका कणाचा हिशेब.

उमेला मीठ घालताना मी हेच करते. एक मूठ कमी पडलं तर बुरशी, एक मूठ जास्त झालं तर तोंड वाकडं. माझा अंदाज हातात आहे, कोणाला दाखवता येत नाही. योशिहिसालाही दाखवला नाही मी. हिने सगळं लिहून काढलंय, कोणीही वाचावं असं. मला वाटलं होतं ही वेळ घालवतेय. ही कामगार बाई आहे. माझ्यापेक्षा चांगली निवडणारी आहे, हे तिला सांगणार नाही, इथे लिहिते.

५ जुलै

आज सराव पाहिला. समोर सोनेरी ससाणा, विजेसारखा. सुएनो उतरली. ससाण्याने चोच मारली — केसभर जीव उरला, वहीत लिहिलं होतं तेवढाच. मग सुएनोने तोंड उघडलं आणि सगळं मैदान उलटं केलं. आता चार फेऱ्या जो मंद त्याचा घाव आधी. ससाणा शेवटी! मागून सनाएचा लोखंडी खेकडा आला, त्याने ससाण्याला चेपून टाकलं.

मी मांडीवर थाप मारली, ती डाव्या हाताने मारली. मागाहून लक्षात आलं.

"सुएनोचं काय?" मी विचारलं.

"ती पडते. पडायलाच हवी," सनाए म्हणाली. "तिचं काम मैदान उलटवायचं. मग ती वेळेवर पडली की खेकडा एकही घाव न खाता येतो. तिला मागे ओढलं, तर तिच्यावरचा घाव खेकड्याला बसतो आणि फेरी फुकट जाते. तिला वाचवत बसलं की सगळे बुडतात."

तोंडावर सांगितलं तिने. मला आवडलं.

६ जुलै, रविवार

फोन. सांगितलं, सनाएला पुढच्या आठवड्यात महत्त्वाचं काम आहे, त्रास देऊ नका. विहीणबाई म्हणाली, "काम? कसलं?" मी सांगून टाकलं. मग म्हणाली, "लहानपणीही ती असंच करायची. शेजारच्या मुलांना एकेकाला बोलावून हरवायची." आवाज फाटला तिचा. मी फोन ठेवला. रागाने नाही.

१२ जुलै

स्पर्धा. सकाळी नवापासून. नागीला मी बाहेर काढलं, कुत्र्यालाही. सनाएसमोर भाताचे गोळे, मध्ये आमचं उमे. दुपारपर्यंत अकरा जिंकल्या, दोन हरल्या. योशिहिसा सांगायचा, ओसाकाच्या मेळाव्यात त्याला तिने सलग सात वेळा हरवलं, तेव्हा तो उमेचा डबा घेऊन तिच्या टेबलाशी गेला. आज कळलं, बिचाऱ्याचं काय झालं असेल ते.

१३ जुलै, रविवार

शेवटची झुंज हरली. एकाहत्तरावी आली. सात जणांनी योकोहामा हुकलं.

खेळ बंद केला, तोंड धुतलं, मिठात मुरलेली उमे हलवायला गेली. रडली नाही. मी चहा ठेवला, तो तिने प्यायला.

फोन वाजला. वाजू दिला.

२० जुलै, रविवार

पाऊस संपला. उद्यापासून उमे उन्हात. फोन — सांगितलं, नाही. नुसतं 'नाही'. विहीणबाई म्हणाली, "बरं. पुढच्या रविवारी करते." ही बाईही चिवट आहे. सनाए कोणावर गेलीय ते कळलं.

२४ जुलै

चटयांवर उमे, दर खेप तीन दिवस उन्हात, एकेक हाताने उलटायचं. दुपारी सावलीत सनाएने एक लांबलचक लेख लिहिला. या लोकांची रीत आहे म्हणे. स्पर्धा संपली की आपली सगळी युक्ती उघड करायची — कोणते सहा, का निवडले, कोणाला किती बळ, कुठे चुकले. कोणीही वाचावं, कोणीही उचलावं.

"वेडी का तू? तीनशे सात अंडी उबवून फुकट वाटणार?"

"मीही दुसऱ्यांचंच वाचून शिकले आई. आणि पुढच्या वर्षी हेच चालणार नाही, नवीन बांधायचं."

वाचून दाखव म्हटलं. वाचलं. सुएनोवर सगळ्यांत जास्त लिहिलंय. 'तिच्या जिवावर बाकी पाच उभे आहेत,' असं. मी उमे उलटत राहिले. मग शेवटच्या झुंजीचं आलं. शब्दशः लिहिते, दोनदा वाचून घेतलं —

'मैदान उलटं झालं होतं. सुएनोचं काम संपलं होतं. तिला पडू द्यायला हवं होतं. मी तिला मागे ओढलं, घाव खेकड्याला बसला, तिथेच हरले. असं का केलं ते मला माहीत आहे. चूक पूर्ण माझी.'

"का केलंस?" मी विचारलं.

"नाव," सनाए म्हणाली. "नाव द्यायला नको होतं."

मला वाचवायला कोणी सांगितलं होतं हिला! तोंडावर म्हटलं नाही. दोन उमे हातात फुटली.

२६ जुलै

आज मिठाचा अंदाज सनाएला सांगितला. लिहून घेतला तिने. किती मूठ, कोणत्या उन्हात, कोणत्या वासाला हात थांबवायचा. दीड पान झालं. मला वाटलं होतं, फार मोठं काही असेल.

२७ जुलै, रविवार

दुपारी सांगितलं. सगळं, उघडं मांडून — तेरा रविवार, दोन खोल्या, नागीची शाळा, मी काय-काय खोटं बोलले ते. एक चटई उलटायची राहिली होती, ती सनाएने पूर्ण उलटली, शेवटच्या उमेपर्यंत.

साडेपाचला फोन वाजला. ती जागची हलेना, माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? मी नाही उचलणार. तुझा आहे, तूच उचल."