एकतीस जुलैचं तिकीट

पेण, ८ जून २०२६

वनितास,
सरूताईचा आशीर्वाद. मनापासून नाही, रीत म्हणून.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. माझी सून किमया धाटावला कंपनीत जाते, तिच्या हाती पत्र वरसेला पोचेल. काल सगळं तिनेच सांगितलं. तुम्ही मायलेकी, तू आणि मनस्वी, एकतीस जुलैला विमानाने व्हिएतनामला निघताय, सात ऑगस्टला परत. फिरायला!

भरतला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. त्याची तिथी आषाढ वद्य पंचमी, यंदा ती तीन ऑगस्टला येते. म्हणजे इथे पेणला माझ्या भावाचं वर्षश्राद्ध, धाकटा गोरख विधीला बसलेला, भावकी जेवायला, आणि त्याची बायको परदेशात मजा मारणार. लोक विचारतील तेव्हा काय सांगू गो? स्वस्तात मिळालं म्हणून गेली?

आमच्यात मयताच्या वर्षात कुणी जत्रेला पण गेलं नाय. तुला एकदम विमान. पुस्तकं वाचून वाचून शहाणी झालीस, मग घरातलं कॅलेंडर वाचता येत नाय? तिकीट बदल आणि कळव.

लोभ ठेव म्हणायची वेळ तू ठेवली नाहीस.
सरू


वरसे, रोहा, ११ जून

ती. सरूताईंना वनिताचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शिवी तेवढी त्यात नव्हती, ती किमयाजवळ तोंडी दिलीत असं कळलं.

चूक माझी आहे. तिकिटं जानेवारीत काढली. तीन आठवडे दुपारी आम्ही दोघी मोबाइल घेऊन बसायचो. मे महिन्याचे दर बघवत नव्हते. शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला की दर पडतात, असं मनस्वीच्या लक्षात आलं. एकतीस जुलैला जाऊन-येऊन एकोणीस हजारांत मिळत होतं. वाटेत एका विमानतळावर अकरा तास बसायचं आणि सामान सात किलो. व्हिएतनाम आम्ही निवडलं नाही, दराने निवडलं.

हे गेले पंधरा जुलैला. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येते, म्हणजे यंदा चार जुलैच्या सुमाराला येईल, असं मी बोटांवर मोजलं. महिनाअखेर म्हणजे सगळं उरकून झालेलं. यंदा ज्येष्ठ अधिक आहे आणि त्यापुढची प्रत्येक तिथी उलट पुढे गेली, हे ध्यानातच आलं नाही. कॅलेंडर भिंतीवर होतं. पान उलटून पाहिलं नाही.

बदलायला गेलं तर तिकिटाहून जास्त मागतात. रद्द केलं तर काहीच परत देत नाहीत. मनस्वीने दोनदा फोन करून विचारलं.

मजा मारणार म्हणालात. वर्षभर या घरात काय मजा चालली आहे, ते बघायला एकदा तरी यायचं होतं. पेणहून रोहा काही परदेश नाही.

राग असू द्या, बोलणं तोडू नका.
आपली वनिता


पेण, १५ जून

वनितास,
आशीर्वाद देत नाही.

तुमच्याकडे मासिकाला येतात ते गुरुजी काल गोरखला भेटले. मे महिन्यात वैशाखाचं मासिक करतानाच त्यांनी तुला सांगितलं होतं, की यंदा अधिक आहे, वर्षश्राद्ध तीन ऑगस्टला. म्हणजे महिन्याहून जास्त दिवस तुला माहीत होतं आणि तू गप्प. मग चूक कसली? हे ठरवून केलंस.

पैशाचं कारण नको. नवं तिकीट गोरख आणि मी मिळून काढून देतो. पंधरा ऑगस्टनंतर चंद्रावर जा, मी विचारायची नाय. पण तीन तारखेला पेणला हजर राहा. नसलीस, तर त्यानंतर आमच्या दारात पाय ठेवू नकोस. मनस्वीला येऊ दे. ती आमच्या रक्ताची आहे.

उत्तर दे. बाकी काय लिहू.
सरू


वरसे, २० जून

ती. सरूताईंना सा. न.

मला मे महिन्यापासून माहीत होतं, हे खरं. पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. त्या दिवशी गुरुजी गेले, मी त्यांचं ताट उचललं आणि मनस्वीलाही काही बोलले नाही. आता पुरतं खरं सांगते. बदलायला एक रुपया लागला नसता, तरी मी बदललं नसतं. तुमचे पैसे नकोत.

तुमचे भाऊ तीन वर्षं दर रविवारी जेवण झालं की चष्मा लावून विमानाचे दर बघायचे. तिघांचे पासपोर्ट त्यांनीच काढून आणले. दर दिसला की म्हणायचे, थांब, अजून उतरेल. एकदा कोलंबो चौदा हजारांवर आलं. मी म्हटलं, घ्या. म्हणाले, दिवाळीनंतर बारा होईल. दिवाळीनंतर दवाखाना सुरू झाला. तिथेही खाटेवरून मनस्वीला विचारायचे, आज काय भाव आहे. ती कमी करून सांगायची. ते म्हणायचे, बघ, उतरतोय.

मला आता कशासाठीच थांबायचं नाही. श्राद्धासाठीही नाही. अधिकातलं धरून अकरा मासिकं मी केली. एकाही पानाला तुमच्यातलं कुणी आलं नाही. बारावंही करीन. वर्षाचं तुम्ही करा, गोरखभावजी नीट करतील, त्यात मला शंका नाही.

मनस्वी मात्र पेणला येणार आहे. तुमचं पत्र तिने वाचलं आणि म्हणाली, बाबांचं वर्षश्राद्ध मी चुकवणार नाही, आई, तूही राहा. दोन दिवस तिने आपलं ताट वेगळं वाढून घेतलं. मग मी तिला म्हटलं, तू राहा. तिचं तिकीट वाया जाईल, जाऊ दे. तिला पोटभर जेवायला घाला आणि तिच्यासमोर माझा विषय काढू नका.

दारात पाय ठेवू नको म्हणालात, ते लक्षात ठेवलं आहे.

मी एकटी जाणार. चोपन्न वर्षांत मी पनवेलच्या पुढेही एकटी गेलेले नाही. काल मनस्वीने मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून ओढणीने विमानातला कमरेचा पट्टा लावून दाखवला. तिचा राग गेलेला नाही, पण तीनदा लावून घेतला माझ्याकडून. शेवटच्या वेळी गाठ तिने सोडली नाही, नुसती माझ्यापाशी उभी राहिली.

लोभ असेल तर असू द्या, मागत नाही.
वनिता