गिरणी थांबल्यावरचा वर्ग

बाई,

आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. आपल्या हयातीत मी आपल्याशी सुरुवातीला धड चार वाक्ये सलग बोलू शकत नव्हते, आणि आता, आपण जाऊन सात वर्षे झाल्यावर, पानेच्या पाने लिहायला बसावे हे मला शोभत नाही. पण येत्या महिन्यात मी माझा स्वतःचा वर्ग सुरू करते आहे. आपल्यासारखाच, अडखळत बोलणाऱ्यांचा, आणि आपल्याच त्या खोलीत. पत्रक लिहून तयार आहे. छापखान्यात जायचे आहे. फक्त वर्गाला नाव द्यायचे राहिले आहे. नाव मला कधीचे माहीत आहे, पण ते तोंडातून निघत नाही. म्हणून जाण्याआधी आपल्याशी थोडे बोलावे असे वाटले.

मी आपल्याकडे आले तेव्हा सोळा वर्षांची होते. मराठीच्या पेपरातले माझे गुण पाहून मुख्याध्यापकांनी घरी पेढे पाठवले होते, आणि त्याच मुख्याध्यापकांनी वडिलांना हळूच सांगितले होते की मुलीची शिक्षिका होण्याची इच्छा चांगली आहे, पण फळ्यासमोर उभे राहून हिला स्वतःचे नावसुद्धा सांगता येणार नाही. जिभेला वेखंड लावून झाले होते, तोंडात खडा धरून वाचून झाले होते. आई मला नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या त्या गल्लीत घेऊन आली तेव्हा शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या आवाजात तिला आपले घर तीनदा विचारावे लागले. आपण मुंबईच्या एका रुग्णालयात बोलण्याच्या दोषांवर पंचवीस वर्षे उपचार करून नुकत्याच तिथे येऊन राहिल्या होतात. आईने ओरडून सगळी हकीकत सांगितली. आपण मला ओरडूनच विचारलेत, "येताना वाटेत काय काय दिसलं?" आणि मी सांगत सुटले: टांगा उलटता उलटता वाचला तो, पेरूवाल्याचे भांडण, पोलिसाची शिट्टी. आई माझ्याकडे बघतच राहिली. एवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा उतरवला, गिरणी थांबली, आणि माझे वाक्य पोलिसाच्या प वर नव्हे, त्यापुढच्या एका ब वर येऊन उभे राहिले.

"तुझी जीभ धडधाकट आहे," आपण म्हणालात. "अडतं ते इथं." आणि माझ्या कानाला बोट लावलेत. गल्लीतल्या लोकांना वाटायचे, दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून या बाई गिरणीशेजारी राहतात. आपण ती खोली गिरणीसाठीच घेतली होती. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की अडखळणारा माणूस पुष्कळदा सुटतो, हे आपल्याला ठाऊक होते. पण मला एकटीला शिकवायला आपण साफ नकार दिलात. "माझ्यासमोर तू महिन्याभरात बोलशील. पण मी म्हणजे काय जग आहे? दहा जण जमव. दहा जमले तर वर्ग, नाही तर नाही." आई हात जोडून म्हणाली, "अहो बाई, हिला बोलता येत नाही म्हणून तर आणलं. ही कशी जमवणार?" आपण विचारलेत, "लिहिता येतं ना? मग पत्रक लिहू दे."

मी तीन दिवस खपून पत्रक लिहिले. ते मला आजही पाठ आहे: "वाक्‌स्खलनपीडितांसाठी सामूहिक वाणीसंस्कार वर्ग. गरजूंनी त्वरित संपर्क साधावा." आपण ते वाचलेत, चष्मा काढलात, पुन्हा घातलात, आणि एक अक्षरही न बदलता छापायला घेऊन गेलात. मी मागे उभी होते. छापखान्याचे मालक म्हणाले, "बाई, वर ठळक 'हमखास गुण' टाकतो. त्याशिवाय कोण येतंय?" आपण म्हणालात, "हमखास एकच, तुमची शाई माझ्या पदराला लागणार. गुण येईल की नाही ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही ते मी छापत नाही." त्या काळी भिंतीभिंतींवर सात दिवसांत सगळे बरे करणारे किती लोक होते! आपण आपल्या वर्गाची जाहिरात केलीत, पण एकही आश्वासन दिले नाहीत. ते किती अवघड असते, हे मला या आठवड्यात कळले.

पहिल्या रविवारी दोन जण आले. एक निवृत्त गृहस्थ काखेत आसन घेऊन आले होते. "संस्कार म्हणजे, संध्या शिकवणार ना?" दुसरे एक वडील आपल्या मुलीला वक्तृत्व स्पर्धेसाठी घेऊन आले होते, आणि ती मुलगी इतकी बोलकी होती की वडिलांना एकही वाक्य पुरे करू देत नव्हती. आपण दोघांनाही चहा पाजून परत पाठवलेत. दुसऱ्या दिवशी आईने देवासाठी फुले आणली, ती माझ्याच पत्रकात बांधलेली होती.

"यात बोलणं हा शब्द कुठं आहे?" आपण पत्रक माझ्यासमोर ठेवून विचारलेत. गिरणी बंद होती. "वाक् आहे, वाणी आहे. बोलणं का नाही?" मी कसेबसे सांगितले की तो शब्द फार साधा वाटला. आपण टोपलीतून एक बटाटा उचललात. "हे काय?" मी म्हणाले, "आलू." "आत्ता कशानं आलीस?" "एस.टी.नं." "शहरातल्या शहरात एस.टी.? बरं. इथून कुठं जाणार?" "मंडईत." आपण बटाटा टोपलीत परत ठेवलात. "बटाटा, बस, बाजार. मुली, तुझं मराठी शुद्ध नाही गं. तुझं मराठी ब ला घाबरलेलं आहे."

बाई, त्या वाक्याचा मला इतका राग आला होता की दोन दिवस मी आपल्याकडे फिरकले नाही. माझ्याजवळ मराठीशिवाय होते काय? आणि तरी ते खरे होते. लहानपणापासून ब आला की मी त्याच्या जागी दुसरा शब्द शोधत आले होते. तो सापडावा म्हणून शब्दकोश पाठ केला होता, आणि शाळा त्याला शब्दसंपत्ती म्हणत होती. तिसऱ्या दिवशी मी परत आले तेव्हा आपण समजूत घातली नाहीत. इतकेच म्हणालात, "तुला भिववणारा एक शब्द टाळण्यासाठी तू दहा माणसांना भिववणारे शब्द छापलेस. आता तुझाच शब्द घेऊन लिही." मग आपण दोघींनी मिळून लिहिले: "बोलताना अडखळता? आम्हीही. रविवारी सकाळी दहाला या. बरोबर बसून बोलू." मी मोजले, ब ने सुरू होणारे चार शब्द होते. "आम्हीही" वर मी हरकत घेतली, आपण तर अडखळत नाही, मग हे खोटे झाले. "तू अडखळतेस ना? पत्रक तुझं आहे." आणि मग आपण तो नियम सांगितलात, ज्याने माझी झोप उडाली: "या खेपेला नुसतं वाटायचं नाही. प्रत्येकाला वाचून दाखवायचं."

सकाळची वेळ आहे. फुलबाजारात शेवंतीचे ढीग लागले आहेत, आणि मी हातात पत्रके धरून उभी आहे. आपण माझ्यामागे दहा पावलांवर झेंडूचा भाव विचारता आहात. मी तोंड उघडते. ब येतो. ब येतो आणि जात नाही. एक फुलवाली हसून ओरडते, "अगं बये, बटाटे पलीकडं, हितं फुलं हायेत!" सगळी ओळ हसते. मी मागे वळून आपल्याकडे पाहते. आपण झेंडूवरून नजर उचलत नाही. त्या क्षणी मी आपला मनापासून द्वेष केला, हेही लिहून ठेवते. मग एका शेवंतीच्या पाटीमागून पुरुषाचा आवाज येतो, "त-त-ताई, फुडं व-वाच की." मी कागद त्याच्यापुढे धरते. तो मान हलवतो, "व-वाचाया येत नाय." म्हणजे हा कागदही नुसता दिला असता तर पुन्हा फुलेच बांधली गेली असती. मी वाचते. पहिल्या ओळीला किती वेळ लागतो कोण जाणे, पण तो आणि त्याची बायको पुरते थांबतात. "आम्हीही" ऐकून बायको नवऱ्याकडे पाहते. "ह्यांचंबी असंच हाय. मीच वरडते, हे निस्तं तोलत्यात. ह्यांना धाडते, ताई, माझा घसा तरी वाचल!"

तो आला. येताना स्वतःच्या गावच्या आणखी दोघांना घेऊन आला. पुढच्या रविवारी नऊ जण मोजून झाल्यावर आपण माझ्याकडे बोट करून "दहा" म्हणालात, आणि गिरणीवाल्याला पट्टा चढवायला सांगितलेत. आधी गिरणीच्या आवाजात सगळ्यांनी एका सुरात बोलायचे, मग गिरणी थांबवून एका सुरात, मग दोघांनी, मग एकट्याने. एकच शिस्त होती, दुसऱ्याचा अडलेला शब्द कुणी पुरा करायचा नाही. सगळे सुटले असे नाही. एक जण तिसऱ्या रविवारनंतर आला नाही आणि आपण त्याचे नाव हजेरीतून कधी खोडले नाहीत. पण वर्षभराने तो शेवंतीवाला बायकोच्या आधी ओरडू लागला, आणि ती मला म्हणाली, "आता ह्यांना गप करायचा वर्ग काढा."

सगळे आपल्याला बाई म्हणत. मी नाही. मी खोकत असे, समोर येऊन उभी राहत असे. एकदा आपण चष्मा विसरून निघालात. हाक मारायची सोडून मी चौकापर्यंत धावत आले आणि वाट अडवून चष्मा दिला. आपण तो पुसत म्हणालात, "धावायला चांगली आहेस. हाक मारली असतीस तर मी तिथंच थांबले असते." आणि चष्मा डोळ्यांवर चढवत, "थांबेन कधीतरी." वर्ग सुरू झाल्यावर पाच वर्षांनी आपण गेलात तेव्हा मी परगावी बी.एड.ची परीक्षा देत होते. आता शाळेत मराठी शिकवते. फळ्यासमोर माझे नाव सांगते, बटाटा म्हणते, बाजार म्हणते. एक शब्द मात्र तसाच राहिला होता.

इतके लिहून छापखान्यात गेले, आणि तिथून येऊन पुढे लिहिते आहे. मालक तेच आहेत, केस पांढरे झाले आहेत. त्यांनी विचारले, "वर्गाला नाव काय?" माझ्या हातात पेन होते, कागदावर लिहून दिले असते तर झाले असते. मी पेन पिशवीत टाकले. ब आला आणि दारातच बसला. त्या गृहस्थांना लोकांची वाक्ये पुरी करण्याची खोड आहे; त्यांच्या ओठांवर दोन-तीन शब्द येऊन गेलेले मला दिसले. पण ते थांबले. आपल्याकडून शिकले असतील. मग मी म्हणाले, "बाईंचा वर्ग." त्यांनी छपाईचे खिळे उचलता उचलता विचारले, "वर हमखास टाकू का?" मी नको म्हणाले. "ठाऊक होतं," ते म्हणाले.

पण मी व्याकरण शिकवते, तेव्हा आपल्यापासून लपवत नाही: "बाईंचा" ही षष्ठी झाली. संबोधन अजून व्हायचे आहे. वर पहिल्या ओळीत आहे ते नुसते लिहिलेले. हे पत्र पिशवीत त्या पेनाशेजारीच राहील. पाठवले ते पत्रकच, नाव तोंडाने सांगून, छापायला: गुरुवार, २१ जानेवारी १९८८, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे.