पाणी ठीक आहे

४ मार्च, मंगळवार

सात नळ, सात बाटल्या. प्रत्येकीत औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, मग रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहायचं. एकोणीस वर्षं हेच! आज साहेबांना विचारलं, “हे कुणी वाचतं का हो?” हसले. “बाई, वाचायला कशाला? असावं म्हणून लिहायचं.”

असावं म्हणून. माझंही तसंच असेल.

५ मार्च

ठीक. सात वेळा.

९ मार्च, रविवार

धाकटे दीर जेवायला आले होते. “वहिनी, ऑफिसात नेमकं काय करता तुम्ही?” मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “पाण्याला पाणी म्हणते!” सगळे हसले. मीही हसले. भांडी घासताना मात्र रडू आलं. विनोद वाईट नव्हता, खरा होता — म्हणून. इतक्या वर्षांत पाणी पिवळं व्हायचं एकदाही चुकलं नाही. मी नसते तरी झालंच असतं.

११ मार्च, मंगळवार

सातवा नळ खालच्या वस्तीत. आमचे व्हॉल्व्हवाले काका राहतात तिथे. रोज पहाटे तेच गावाला पाणी सोडतात. ऑफिसापासून वीस मिनिटं चालत. आज पाय उचलेना. गेले नाही. बसल्या जागी ‘ठीक’ लिहून टाकलं.

आभाळ कोसळलं नाही.

१३ मार्च

तिसरा दिवस, गेले नाही. वाचलेल्या वेळाचं काय करायचं तेही कळत नाही. नुसती खुर्चीत बसून राहते.

१५ मार्च, शनिवार

काका कामावर नाहीत. “नातीला जुलाब-उलट्या, दवाखान्यात नेलंय,” शिपाई म्हणाला. “वस्तीत अजून नऊ जण आहेत तसे.”

धावत गेले. सातव्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग नाही. अजून टाकले. नाही! साहेबांना फोन केला, पाणी बंद झालं. पाइप फुटून गटाराचं पाणी आत येत होतं. कधीपासून, कुणालाच माहीत नाही.

मला माहीत असायला हवं होतं. अख्ख्या गावात फक्त मला!

१६ मार्च

काकांची थोरली नात गेली. पाच वर्षांची.

१७ मार्च, सोमवार

साहेबांनी रजिस्टर उघडून पान न् पान पाहिलं. “चोख आहे. आपल्यावर काही येत नाही. तुम्ही गप्प राहा.” एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी ते वाचलं — आणि त्यातच नेमकं खोटं!

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी आधी खिडकी लावली. मग, “तोंडातून अवाक्षर काढू नकोस. संसार आहे आपला.”

घास उतरत नाही. पाणीसुद्धा.

१९ मार्च, बुधवार

लिहून दिलं. चार दिवस, सातवा नळ, न तपासता. सही केली. साहेब म्हणाले, “स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेताय.”

तशीच काकांच्या घरी गेले. उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, “सून म्हणत होती, पाण्याला वास येतोय. मीच म्हटलं, बाई रोज तपासतात. दे पोरीला.”

आणि दार लावून घेतलं.

म्हणजे कुणीतरी माझ्या ‘ठीक’वर विसंबून होतं. एकोणीस वर्षं! मला आत्ता कळतंय.

२२ मार्च

निलंबनाचं पत्र आलं. हे माझ्याशी बोलत नाहीत. कालपासून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून आहे. उठून करायचं काय?

२५ मार्च, मंगळवार

सकाळी दार वाजलं. काका होते. माझ्याकडे न बघता पाण्याने भरलेली बाटली पुढे केली. “तुमच्या जागचा नवा माणूस ठीक म्हणतो. धाकटीला पाजायचंय. तुम्ही बघून सांगा. तुम्ही आता खोटं नाही सांगणार.”

औषध ऑफिसात आहे. चपला घातल्या.