शनिवारची मीटिंग

सोमवार, संध्याकाळ

रिटायर होऊन महिना झाला आणि आज सातपूरहून कंपनीचा फोन, आठवड्यातून तीन दिवस याल का? मी लगेच हो म्हणणार होतो. कशासाठी? कामाची ओढ, की शनिवारच्या मीटिंगची? जायचो रेंजवर, एअर पिस्तुलाने नेम धरायला. या वयात हे सांगायची लाज, म्हणून घरी सांगायचो, कंपनीत मीटिंग आहे. आता वेळच वेळ आहे, पण बहाणा नाही, म्हणून महिनाभर गेलोच नाही. काय हा मूर्खपणा!

सुनंदाला विचारलं. मटार सोलता सोलता बायको म्हणाली, "कंपनीचं तुम्ही बघा. मीटिंग मात्र चुकवू नका. डब्याच्या पिशवीत सांडलेले छर्रे दर रविवारी मीच वेचते ना?"

म्हणजे इतकी वर्षं तिला माहीत होतं. मग मी लपवत कोणापासून होतो?

कंपनीला काय कळवू, अजून सुचत नाही. शनिवारी जमणार नाही, मीटिंग असते, एवढंच नक्की.